वाफेवरची फुलं

गेल्या डिसेंबरात एका सकाळी आम्ही चौघांनी बॅडमिंटनच्या दोन गेममध्ये पाच शटलं फोडली. साधा क्लिअर, म्हणजे पार मागच्या रेषेकडे जाणारा उंच फटका, मारला तरी पीस मधूनच मोडायचं आणि शटल डुगडुगत भलतीकडेच जायचं. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या हॉलमध्येही बोटं आखडतात, पण बोटांपेक्षा जास्त हाल पिसांचे होतात. हवा कोरडी, पिसाचा दांडा वाळतो, ठिसूळ होतो. शटलांच्या ट्यूबच्या किमती कुठे गेल्यात ते खेळणाऱ्यांना सांगायला नको.

आमच्या बॅचमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांनी मग वाफ द्यायला शिकवलं. रात्री किटलीत पाणी उकळायचं, ट्यूबची दोन्ही झाकणं काढायची आणि ती तोटीच्या वर उभी धरायची. पाच-सात सेकंद, बस. जास्त धरलं तर बूच ओलं होऊन शटल जड होतं. झाकणं लावून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पिसावरून अंगठा फिरवा, फरक लगेच कळतो. आदल्या दिवशी वाळक्या कांद्याच्या पातीसारखं चरचरणारं पीस ताज्या पातीसारखं लवतं आणि परत सरळ होतं.

हे करायला लागल्यापासून मी शटलकडे नीट बघायला लागले. १६ पिसं, सगळी एकाच बाजूच्या पंखाची, म्हणून तर शटल स्वतःभोवती एकाच दिशेने फिरत जातं. वजन जेमतेम पाच ग्रॅम. ट्यूबवरचा ७६, ७७, ७८ हा आकडा वेगाचा. थंडीत हवा दाट होते, शटल तोकडं पडतं, म्हणून जानेवारीत आम्ही ७८ घेतो आणि मे महिन्यात ७६. खात्री करायची तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारायचं. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. नायलॉनचं शटल टिकतं खरं, पण पिसांचं शटल शेवटी वेग सोडून जसं सरळ खाली उतरतं, तो ड्रॉप मला नायलॉनवर कधीच मिळाला नाही.

लहानपणी सातपूरला आम्ही त्याला शटल म्हणतच नव्हतो. फूल म्हणायचो. 'फूल गच्चीवर गेलं', 'फूल गटारात पडलं'. बाबा कंपनीतून पहिली पाळी करून आले की चहा घेऊन गल्लीत उतरायचे. नेट म्हणजे दोन खिडक्यांच्या गजांना बांधलेली सुतळी. दिवेलागण झाली की खांबावरच्या दिव्याखाली, आई जेवायला हाका मारेपर्यंत खेळायचो. वारा सुटला की बाबा वाऱ्याच्या तोंडाची बाजू स्वतःकडे घ्यायचे आणि मला सोपी बाजू द्यायचे. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आता त्यांचा खांदा वर जात नाही. पण रविवारी रात्री मी किटली ठेवली की ते स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसतात. ट्यूब मी धरते, सेकंद ते मोजतात. परवा त्यांनी एक शटल काढून दिव्यासमोर धरलं, पिसांवरून सावकाश अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिलं.

"हे फूल अजून कोरडं आहे गं. दोन सेकंद आणखी धर."