गाडीला वेगळा मीटर घेताना

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते आणि राहते बेळगावात, टिळकवाडीत. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. शाळेच्या वेळेला बस मिळतेच असं नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही छोटी इलेक्ट्रिक कार घेतली. बॅटरी २४ युनिटची. शोरूममध्ये मी किती किलोमीटर जाते, बॅटरीची वॉरंटी किती, हे सगळं विचारलं. रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथे प्लग आहे का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

आमचं अपार्टमेंट बारा घरांचं. मीटर जिन्याखाली, पार्किंग मागच्या बाजूला. पहिले काही दिवस खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्जिंग केलं. एका सकाळी पिन काढायला गेले तर प्लास्टिक मऊ झालेलं, वास येत होता. हे कुणीही करू नये म्हणून स्पष्ट लिहिते. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गिझर वीस मिनिटं. गाडी तासन् तास सलग १५ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. घरगुती एक्स्टेन्शनची वायर त्यासाठी केलेलीच नसते.

मग वायरमनला बोलावून घराच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत लाईन ओढायचा विचार केला. पण आधी हिशेब मांडला, ते बरं झालं. आमच्या घरात महिन्याला साधारण ११० युनिट लागतात. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे २०२३ पासून बिल शून्य येतं. त्या योजनेत प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या २०२२-२३ च्या सरासरीवर ठरलेली आहे, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. गाडी एका युनिटला सात-साडेसात किलोमीटर जाते. म्हणजे शाळेच्या दिवसांत रोज सात युनिट, महिन्याला दीडशेच्या पुढे. घराचे ११० त्यात मिळवले की २०० कधीच ओलांडले. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला तर घराचं बिल आहे तसं राहतं आणि गाडीचं जे होईल ते आपण भरायचं. मला ते अगदी मान्य होतं. गाडीला लागणारी वीज सरकारने फुकट द्यावी अशी माझी अपेक्षा नाही.

वेगळं कनेक्शन मिळतं का, याची चौकशी केली. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम आहेत. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र कनेक्शन मागता येतं हे स्पष्ट झालं. कर्नाटकात ईव्ही चार्जिंगला वेगळा दरही लागतो. मी ती दुरुस्ती छापून घेतली आणि सोसायटीच्या मीटिंगला गेले.

मीटिंग सोपी नव्हती. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "गाडीला आग लागली तर वर आम्ही राहतोय की ओ." हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उडवून लावणं मला पटत नाही. मी त्यांना सांगितलं, धोका त्या मऊ पडलेल्या प्लगमध्ये होता, आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणूनच मीटर, स्विच, वायर सगळं रीतसर मागतेय. दुसऱ्यांचा प्रश्न होता की आज एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील. तिसरे म्हणाले, भिंत सगळ्यांची आहे. अशा तीन मीटिंगा झाल्या. शेवटी पाइप भिंतीवरून कसा जाईल त्याचं चित्र काढून दाखवलं, खर्च पूर्ण आमचा असं लिहून दिलं, तेव्हा सेक्रेटरींनी ना-हरकत पत्रावर सही केली. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. वीज ऑफिसात त्या मानाने काहीच नाही.

अर्ज कन्नडमध्ये होता. माझी मुलगी आठवीत आहे, तिने ओळ न् ओळ वाचून अर्थ सांगितला. सोबत सीटीएस उतारा (शहरातल्या जागेच्या मालकीचा कागद), घरपट्टीची पावती, आधार, सोसायटीचं पत्र, घराच्या मीटरचा आर. आर. नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) आणि लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने काढलेला वायरिंगचा नकाशा. काउंटरवरच्या बाईंनी एक त्रुटी दाखवली: उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं आणि अर्ज माझ्या नावाने. त्यांचं संमतिपत्र जोडलं, डिपॉझिट भरलं, आणि आठवड्यात मीटर बसला.

लोड, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढायची परवानगी, किती मागायचा यावर मात्र बरंच डोकं घालावं लागलं. ओळखीतल्या दोघांनी ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जिंग बॉक्स घ्यायला सांगितलं, गाडी दुप्पट वेगाने भरते म्हणून. आमच्या गाडीच्या बाबतीत ते खरं नाही. घरी येते ती एसी वीज. तिची डीसी करून बॅटरीत भरणारा चार्जर गाडीच्या पोटातच असतो, भिंतीवरचा बॉक्स फक्त वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोचवतो. आमच्या गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे. बाहेर कितीही मोठा बॉक्स लावला तरी ती त्याच वेगाने भरणार. शिवाय मला रोज लागतात सात युनिट, म्हणजे सव्वादोन-अडीच तास. गाडी रात्रभर उभीच असते. म्हणून ४ किलोवॅटचा लोड घेतला आणि बॉक्सचे पैसे वायर आणि अर्थिंगवर घातले. बॉक्स घेण्याआधी आपल्या गाडीतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते पुस्तिकेत बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

वायर ६ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. करंट जास्त झाला की पडणारा वीस अँपिअरचा एमसीबी, वीज गळली की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, झाकणाच्या पेटीत. बेळगावचा पाऊस आडवा मारतो, पार्किंगमध्ये शिंतोडे येतातच.

पहिल्या रात्री सगळं जोडलं, मीटर चालू, आणि गाडीच्या केबलवर लाल दिवा. चार्जिंग सुरूच होईना. मला वाटलं गाडीच बिघडली. वायरमन सकाळी आला, त्याच्याकडचं तपासणीचं यंत्र लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेज मोजलं आणि म्हणाला, "अक्का, गाडीचा दोष नाही. मे महिना हाय, जमीन वाळून दगड झाल्या. अर्थिंग धरेना." अर्थिंग नीट नसेल तर ही केबल वीज पुढे सोडतच नाही. आमच्या इमारतीचं जुनं अर्थिंग कितीतरी वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं, फ्रिज-टीव्ही तसेच चालत होते. आम्ही गाडीसाठी नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं, आणि आठवडाभर रोज दोन घागरी पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला. ती बातमी कळल्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःहून इमारतीचं अर्थिंग तपासून घ्यायचा विषय काढला, आणि तेही झालं.

रस्त्यावरच्या चार्जिंगचा अनुभव वेगळा. महिन्यातून एकदा मी आईकडे गडहिंग्लजला जाते, जाऊन-येऊन दीडशेच्या जवळपास. गाडी काठावर पोचते, पण मला तसं जिवावर उदार होऊन जायचं नसतं. एकदा हायवेवर संकेश्वरच्या बाजूला एका स्टेशनवर थांबले. आधी त्यांचं ॲप उतरवा, मग त्यात कमीत कमी ठरावीक रक्कम भरा, मग चार्जिंगची गन गाडीला लावा. पैसे भरले आणि मशीन बंद निघालं. ती रक्कम अजून त्या ॲपमध्ये पडून आहे. दुसऱ्या स्टेशनला दुसरं ॲप. पेट्रोल पंपावर माणूस स्कॅनर पुढे करतो, आपण पैसे देतो आणि निघतो. इथेही तेवढंच हवं आहे, सरळ यूपीआयने, मशीन चालू झाल्यावर. बाहेरच्या चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळेही युनिट घरापेक्षा महाग पडतं. ते मी समजू शकते. बंद मशीन नकाशावर चालू दाखवणं समजू शकत नाही.

आता मी आईकडे विहिरीच्या पंपासाठी असलेल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर दुपारभर गाडी लावते. ते सॉकेट आणि अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घेतलं. दोन जेवणं आणि आईशी गप्पा होईपर्यंत परतीपुरती भरते. विजेचे पैसे ती घेत नाही, म्हणून येताना मी बेळगावचा कुंदा नेते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलीने गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ती बॅटरी काढून जिना चढून वर नेते. तिच्या नावावर ना उतारा आहे ना घरपट्टी, मग स्वतंत्र मीटर ती कुठल्या कागदावर मागणार? माझं म्हणणं असं की पार्किंगच्या भिंतीला सोसायटीने एकदाच पाइप टाकावा, प्रत्येक जागेवर सॉकेट आणि सबमीटर बसवावा, आणि ज्याने जेवढी वीज वापरली तेवढे पैसे त्याने महिन्याला द्यावेत. वायरमनकडून मी खर्चाचा अंदाज लिहून घेतलाय. पुढच्या रविवारी मीटिंग आहे, आणि या वेळी विषय पहिल्या मजल्यावरचे काकाच मांडणार आहेत.