आमची वाटचाल : संत्र्याच्या गावातली गुलाबाची नर्सरी

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-शेंदुरजनाघाटकडे पन्हेरी (रोपवाटिका) म्हटली की ती संत्र्याचीच. जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा (सालीसकट काढलेली कळी) बांधायचा, कलमा विकायच्या. अशा भागात मी सुगंधी गुलाबाचं काढलं तेव्हा वडील म्हणाले, "फुलं इकून पोट भरते काय रे?" दोन गुंठे मागितले होते, एक मिळाला.

सुरुवातीचा भागीदार म्हणजे आमचे काका. दुसऱ्यांच्या पन्हेरीत संत्र्याचे डोळे बांधण्यात त्यांची हयात गेली. चाकूचं पातं घासून घासून बोटाच्या नखाएवढं उरलेलं, पण नवा चाकू दिला की खिशात ठेवायचे आणि जुनाच काढायचे. खुंटाचे काटे अंगठ्याने मोडायचे, सालीला इंग्रजी टीसारखा काप मारायचा, डोळा सरकवायचा, पट्टी ओढायची. गुलाबाची साल पातळ, जरा जोर झाला की फाटते. पंधरा-वीस दिवसांनी पानाच्या उरलेल्या देठाला बोट लावायचं. अलगद गळाला तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला तर गेला. हे मला त्यांनी शिकवलं, कागदावर कुठे सापडलं नव्हतं.

वाण तीनच धरले. दमास्क, बोरबॉन या जुन्या गुलाबांच्या कुळातला गुलाबी एडवर्ड, आणि अंगणातला तो मान खाली घालणारा लाल. त्याचं खरं नाव ग्रुस आन टेप्लिट्झ, गेश्विंड नावाच्या माणसाने काढलेला, १८९७ पासून बाजारात. गिऱ्हाइकासमोर हे नाव कोण घेणार? पाटीवर 'लाल सुगंधी' लिहिलं.

दुसऱ्या वर्षी बुडालो. सोसायटीचं कर्ज संत्र्याच्या नावावर काढून गुलाबात घातलं होतं. तीन हजार पिशव्या भरल्या, त्याही निव्वळ काळ्या मातीने, आणि ठेवल्या बांधाकडच्या खोलगट पट्टीत, कारण तिथे पाणी द्यायला सोपं. जुलैत आठवडाभर झड लागली. पिशवीतलं पाणी निघेना. आधी पानं पिवळी, मग खोड बुडातून काळं. उपटलं की मुळांची साल हातात यायची, वास नाल्यासारखा. मोजून ३४० झाडं उरली. चूक माझीच होती, माती हलकी करायची अक्कल नव्हती.

पण तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याने (नाव घेत नाही, त्यानेही माझं कधी घेतलं नाही) 'त्याच्या झाडाले रोग आहे' असं गावोगाव पोचवलं. स्वतः ट्रकने आणलेले गुलाब विकायचा. लाल मातीचा गच्च गोळा, वर बशीएवढं फूल, वास शून्य. काळ्या जमिनीत लावलं की मूळ त्या गोळ्याबाहेर पडत नाही. मे महिन्यात वरचं कलम वाळतं आणि खालून खुंट फुटतो. मग लोक माझ्याकडे यायचे, "भाऊ, गुलाब पालटला." विकला त्याने, आणि दुरुस्ती मी सांगायची!

त्या ३४० मधली बारा झाडं गावच्या निवृत्त हेडबाईंनी घेतली. घासाघीस केली नाही. "रोग असंन तर माह्या अंगणात मरन, तुम्ही काऊन घाबरता?" आज त्यांच्या कंपाउंडला एडवर्डची आणि दमास्कची कुंपणं आहेत. दमास्क आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात फुलून मोकळा होतो, एडवर्ड जवळजवळ वर्षभर देत राहतो. बाई ऊन यायच्या आत फुलं तोडतात, कारण उन्हासोबत वास उडतो. दरवर्षी गुलकंदाची एक बरणी मला येते.

पुढची वर्षं बरी गेली. कर्ज फिटलं. काका गेले, चाकू माझ्याकडे आहे.

विचारलं नाही तरी सांगतो. खड्डा दोन फूट घ्या, तळाशी मुरूम टाका, झाड वरंब्यावर लावा. या झुडपांना मोठ्या फुलाच्या गुलाबासारखं बुडापर्यंत छाटू नका. वाळकं आणि आतलं गर्दीचं काढा, बस. डोळ्याच्या खालून आलेला फुटवा कात्रीने कापू नका, बुडातून उपटा. उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, पण सोबत निंबोळी पेंड टाका, नाहीतर उधळी (वाळवी) येते. पाणी मुळाला द्या, पानाला नको.

यंदा माघात त्या रस्त्यावरच्या नर्सरीचा पोरगा आला होता. एडवर्डच्या डोळ्यांच्या काड्या पाहिजेत म्हणाला, "बाबांनी पाठवलं, हिशोब मंग करू." चाळीस काड्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. पैसे तिथेच मोजून घेतले.