चरबीचे स्नायू होतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

"टीचर, जिमला गेलं की चरबीचे स्नायू होतात ना? आणि जिम सोडली की त्याच स्नायूंची परत चरबी?" मी गोव्यात फोंड्याला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हा प्रश्न वर्गात येतोच, पण देवळात भजन आटोपल्यावर आणि लग्नाच्या पंगतीतही येतो.

नाही होत. चरबीचे स्नायू होत नाहीत आणि स्नायूंची चरबीही होत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत दोन्हींच्या स्लाइड्स आहेत. चरबीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की नुसत्या पांढऱ्या, रिकाम्या खोल्या दिसतात. स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये आतला मेद विरघळून गेलेला असतो. केंद्रक कुठल्या तरी कडेला चेपून बसलेलं. स्नायूच्या स्लाइडवर लांबलचक तंतू, त्यांवर बारीक आडवे पट्टे आणि एकेका तंतूत कितीतरी केंद्रकं.

गंमत म्हणजे गर्भात या दोन्ही पेशी बहुतांशी एकाच मध्यस्तरातून येतात. पुढे पीपार-गॅमा हे प्रथिन पेशीला चरबीकडे वळवतं, तर मायो-डी स्नायूकडे. १९८९ साली शास्त्रज्ञांनी चरबीच्या पेशींत मायो-डी मुद्दाम चालू केलं, तेव्हा त्यांच्यात स्नायूंची जनुकं खरोखरच जागी झाली. पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत. डंबेल्स उचलून ते घडत नाही.

मग चरबी जाते कुठे? १० किलो चरबी जळली तर तिच्यातलं ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतं आणि १.६ किलो पाणी होतं. चरबीच्या पेशी मात्र जागेवरच राहतात, फक्त आकसतात. त्यांची संख्या साधारण तरुणपणीच ठरलेली असते. जिम सोडल्यावर स्नायूंचे तंतू बारीक होतात, जेवण तेवढंच राहिलं तर या पेशी पुन्हा भरतात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून एकाचं दुसरं झालं असं वाटतं.

पण मला खरी काळजी आहे ती पुढच्या भागाची. चरबीची पेशी फार फुगली की तिला रक्त पुरत नाही. तिथे रोगप्रतिकार करणाऱ्या महाभक्षी पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायनं सुटतात आणि न मावलेली मेदाम्लं रक्तात उतरतात. ती स्नायूत जाऊन साठतात. साखर आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं स्नायूपेशीत एरवी आतल्या बाजूला असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात. साठलेल्या मेदामुळे हा निरोप वाटेतच अडतो. साखर रक्तातच राहते. इन्सुलिन सांगतं तेव्हा रक्तातली सर्वांत जास्त साखर उचलतात ते स्नायूच, म्हणून हे एवढं महागात पडतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक निघालं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. देशाचं ११.४. आणि "मी तर बारीक" म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली, तेव्हा दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. काट्याला हा फरक कळत नाही.

म्हणूनच "महिनाभर चालतेय, वजन हललंच नाही, मग काय उपयोग?" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लूट-४ पृष्ठभागावर आणतो. म्हणजे रात्री जेवून वाड्यावर एक फेरी मारलीत, तर वजन तसूभर न हलताही साखर स्नायूत गेलेली असते. व्यायामानंतर काही तास इन्सुलिनचा निरोपही स्नायूला जास्त चांगला पोचतो.

शेजारच्या काकींचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. त्यांना मी खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि सावकाश बसायला सांगते, जमेल तेवढ्या वेळा. मांडी आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, साखरही तेच जास्त खातात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते.