मॉस्को, जानेवारी 1991: रांगा, नोटा आणि खबारोव्स्कचं तिकीट

आतेभाऊ मॉस्कोत डॉक्टरकी शिकत होता, म्हणून माझं जाणं झालं. पोचल्या पोचल्या त्याने हातात एक जाळीची पिशवी दिली. "ही कायम खिशात ठेव. रांग दिसली की शेवटचा कोण ते विचारून आधी नंबर लाव. काय मिळतंय ते मागाहून बघू."

दुकानातला कारभार अजबच. एका रांगेत माल बघायचा, दुसरीत पैसे भरून पावती घ्यायची आणि ती घेऊन परत पहिलीत. गल्ल्यावरची बाई लाकडी मणी खटाखट सरकवत हिशेब करायची. फळ्यांवर समुद्री शेवाळाचे डबे आणि रसाच्या तीन-तीन लिटरच्या बरण्या, बाकी खडखडाट. साखरेला कूपन. हत्तीचं चित्र असलेला आपला भारतीय चहा मिळाला, तर त्या घरी सणच!

22 तारखेला भावाच्या वर्गमित्राकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीवर नऊच्या बातम्यांत जाहीर झालं: मध्यरात्रीपासून 50 आणि 100 रूबलच्या नोटा बाद. बदलून घ्यायला तीन दिवस, तेही माणशी हजार रूबलपर्यंतच. पेन्शनवाल्यांना फक्त दोनशे. मित्राची आजी ताटावरून उठली. कपाटातल्या चादरींखालून तिने रुमालात बांधलेली पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. लेनिनचं चित्र असलेल्या हिरव्या पन्नाशीच्या नोटा, घड्या पडून मऊ झालेल्या. ती काही बोलली नाही. नातवाने कोट चढवला, आम्हीही निघालो.

मेट्रोच्या खिडकीवर लोक मासिक पास मागत मोठ्या नोटा पुढे करत होते. यारोस्लाव्ल स्टेशनवर तर जत्रा! कुठे जायचंय हा प्रश्नच नव्हता, सगळ्यांना लांबातलं लांब तिकीट हवं होतं. मित्राने पार पूर्वेच्या टोकाकडल्या खबारोव्स्कचं काढलं. पुढे ते परत करायचं, पैसे चालू नोटांत घ्यायचे. (2016 साली आपल्याकडे रात्री आठच्या घोषणेनंतर सराफांकडे झुंबड उडाली, तेव्हा मला हेच स्टेशन आठवलं.)

सरकार म्हणे काळा पैसा पकडत होतं. माझ्या मते तो पैसा कधीच डॉलरमध्ये गेला होता. सापडल्या त्या चादरींखाली ठेवणाऱ्या आज्या.

मी परतल्यावर भावाचं पत्र आलं. तिकिटाचे पैसे थोडे कापून मिळाले होते. पण 2 एप्रिलपासून सरकारनेच भाव चढवले, मेट्रो 5 कोपेकची (रूबलचे कोपेक शंभर) 15 झाली, आणि आजी आता नोटांऐवजी काडेपेट्या नि मीठ साठवत होती.