सोळा वर्षांनंतरचे पापनिवेदन

पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे कबूल करायला, मी सोळा वर्षे गेलो नव्हतो. कॅथलिक माणसाने वर्षातून किमान एकदा आपल्या गंभीर पापांची कबुली द्यावी, हा दंडक 1215 साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन या धर्मपरिषदेपासून चालत आला आहे आणि तो मला लहानपणापासून ठाऊक होता. तरीही दर वर्षी ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ आला की मी काही ना काही निमित्त काढत असे. निमित्ते निरनिराळी होती, कारण मात्र एकच होते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची एक ठेव मी मोडली, आणि ताईने विचारले तेव्हा ते पैसे बाबांच्या आजारपणात संपले असे तिला सांगितले. ती नुसते “बरं” म्हणाली आणि तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तेव्हापासून मला झोप लागली नाही, असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पहिली काही वर्षे मी अगदी मजेत होतो.

माझी मुलगी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे चर्चमधल्या विधीत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची, तयारी करत होती. त्याआधी मुलांना पहिले पापनिवेदन करायचे असते, म्हणून तिने वहीच्या पानावर आपली पापे लिहून काढली होती. ते पान घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मी दादाची पेन्सिल घेतली आणि घेतली नाही म्हणून सांगितलं. बाबा, हे एक पाप की दोन?” मी “दोन” म्हणालो. तिने समोर क्रमांक घातले आणि ती निघून गेली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

पापनिवेदनाआधी स्वतःच्या मनाची झडती घ्यावी, अशी रीत आहे. मीही कागद घेतला आणि लिहिले : “आर्थिक व्यवहारात माझ्याकडून चूक झाली.” वाचून पाहिले, तर त्या वाक्यात मी कुठेच नव्हतो. आपली मराठी अशा वेळी फार सोयीची पडते. ठेव मोडली जाते, बोलण्यात येते, चुका होतात, आणि करणारा मात्र सापडत नाही. दुसऱ्या खेपेला मी त्या वेळच्या अडचणींचा पाढा वाचला. तिसऱ्या खेपेला ताईची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी होती, हेही घातले. बायबलमधल्या दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आपलीशी केले आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवले; त्यानंतर नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर भडकला आणि “तो मनुष्य तूच आहेस” हे ऐकल्यावरच भानावर आला. त्याची कबुली मात्र एका ओळीची आहे : मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. त्या ओळीत सबब नाही. चौथ्या खेपेला माझ्या कागदावर दोनच वाक्ये उरली : मी बहिणीचे पैसे घेतले. मी तिच्याशी खोटे बोललो.

जाळीपलीकडच्या धर्मगुरूंचा चेहरा मला दिसत नव्हता. शेवटचे पापनिवेदन सोळा वर्षांपूर्वी केल्याचे सांगितल्यावर रागावणे तर सोडाच, ते “या, बरं झालं आलात” एवढेच म्हणाले. मी दोन्ही वाक्ये उच्चारली आणि सवयीने पुढे “त्या वेळी परिस्थिती अशी होती की…” असे सुरू केले. त्यांनी मला थांबवले नाही, मीच थांबलो. मग त्यांनी विचारले, “पैसे परत करता येतील का?” येतील, असे मी सांगितले. “आणि खरं सांगता येईल का?” या प्रश्नाला उत्तर द्यायला मला जास्त वेळ लागला.

परतफेड करण्याचा माझा निश्चय त्यांनी पुरेसा मानला. प्रायश्चित्त म्हणून सात दिवस बायबलमधले 51 वे स्तोत्र, दावीदाच्या नावावरचे पश्चात्तापाचे स्तोत्र, म्हणायला सांगितले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पापक्षमेचे शब्द उच्चारले. सगळे मिळून दहा मिनिटेही झाली नसतील. इतक्या स्वस्तात सुटका कशी, असा विचार बाहेर पडताना मनात आला. ती स्वस्त नव्हती. तिची किंमत ख्रिस्ताने क्रुसावर चुकती केली, ही आमची श्रद्धा आहे. माझ्या वाट्याला उरली होती ती नुकसानभरपाई, आणि क्षमा मिळाली म्हणून ती टळत नाही.

जुन्या करारात, गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात, ज्याचा अपराध केला त्याला मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरून द्यावा, असा नियम आहे. येशूला भेटल्यावर जक्कय जकातदार तर लुबाडलेले चौपट परत करायला निघाला होता. माझी मजल पाचव्या हिश्श्यापर्यंतच गेली.

स्तोत्र म्हणण्याच्या चौथ्या दिवशी मी ताईकडे गेलो आणि कागदावरची तीच दोन वाक्ये तिला सांगितली. तिने पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि विचारले, “हे वरचे कसले? व्याज?” मी शास्त्रातला नियम सांगितला. तिने जास्तीचे पैसे वेगळे काढून माझ्याकडे सरकवले. “माझे होते तेवढे घेतले. बाबांच्या आजारपणाचं नाव पुढे केलंस, त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही,” ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा पापनिवेदनाला गेलो आणि तीच गोष्ट नव्याने सांगू लागलो. फादर म्हणाले, “त्याची क्षमा झालेली आहे. त्यानंतरचं सांगा.” बहीण अजून मोकळेपणाने बोलत नाही, असे मी म्हणालो. “ते तिच्यावर सोडा,” ते म्हणाले. “तिने घाई करावी असं तुम्हाला वाटतं का?” वाटते, असे मी कबूल केले, आणि त्या दिवशीचे माझे पापनिवेदन तिथून सुरू झाले.