ओठ बधिर, तरी दाढ जागी

सांगलीतल्या आमच्या डेंटल कॉलेजात सोमवारी ओरल सर्जरीच्या ओपीडीत उसंत नसते. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडून पहिल्या एसटीने निघालेले पेशंट लवकरच केसपेपर काढून बसलेले असतात. त्या सोमवारी फायनल इयरच्या एका मुलीला तासगावकडच्या मावशींची केस दिली. खालची डावी पहिली दाढ पार किडलेली, मिश्रीने दातांच्या कडा काळ्या. बीपी पाहिलं, शुगर विचारली, दाढ काढायचं ठरलं.

ही मुलगी अभ्यासात कच्ची म्हणून ओळखली जाते. बीडीएसला लेखी 70, तोंडी 20 आणि अंतर्गत 10 असे थिअरीचे 100 गुण, प्रात्यक्षिकाचे वेगळे 100, आणि दोन्हीकडे स्वतंत्र 50 टक्के लागतात. हात कितीही चांगला चालो, थिअरीत राहिली की विषय राहिला. आदल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, खालच्या दातांना आणि ओठाला संवेदना देणारी इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह जबड्याच्या हाडात शिरण्याआधी तिची कोणती शाखा सुटते? ती खाली मान घालून बसली.

तिने ब्लॉक दिला, म्हणजे हीच नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन. अंगठ्याने जबड्याच्या हाडाची पुढची कड चाचपली, सुई हाडाला टेकल्यावर किंचित मागे घेतली, रक्त येत नाही ना ते पाहिलं आणि मगच औषध सावकाश सोडलं. मग गालाकडची हिरडी बधिर करणारी लाँग बक्कलही दिली. "व्हट सुजल्यागत वाटतोय," मावशी म्हणाल्या. प्रोब लावून पाहिला तर दोन्ही बाजूंची हिरडी गप्प. पण फोर्सेप्सने दाढ धरून हलवली मात्र, मावशी कळवळल्या. "आतनं ठणकतंय गं बाई!"

इथे बहुतेक मुलं माझ्याकडे बघतात किंवा घाईने आणखी एक ब्लॉक देतात. ही थांबली. मावशींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं. दुखू देणार नाही." मग मला म्हणाली, "सर, ओठ पूर्ण बधिर आहे, म्हणजे ब्लॉक बसलाय. मायलोहायॉइड नर्व्हमधून संवेदना येत असेल. जिभेकडून थोडं देऊ?"

मी मान हलवली. मागच्या दाढेच्या मुळाच्या खाली, जिभेच्या बाजूने तिने अगदी थोडं औषध सोडलं. थोडं थांबून पुन्हा दाढ धरली. मावशींनी हूं की चूं केलं नाही.

मावशी गॉझ चावत बाहेर गेल्यावर मी आठवड्यापूर्वीचाच प्रश्न परत विचारला. ती घडाघडा बोलली. मायलोहायॉइड ही शाखा फोरामेनच्या, म्हणजे नर्व्ह हाडात शिरते त्या छिद्राच्या, आधीच सुटते, म्हणून कधीकधी ब्लॉकच्या तावडीतून निसटते. खरं काम स्नायूंना चालवण्याचं, पण काही जणांत दाढेपर्यंतही पोचते. म्हणजे पुस्तक तिने वाचलेलं होतंच. टेबलापलीकडून विचारलं की तिची वाचा बसायची, एवढंच. अशा मुलांना आपण 'कच्ची' म्हणून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हापासून आमच्या विभागातली अंतर्गत तोंडी परीक्षा मी खुर्चीपाशीच घेतो. सहकारी म्हणतात, वेळ फार जातो. जातोच. पण मुलाने नुकतंच जे बोटांनी चाचपलंय, त्याबद्दल विचारलं की तो पाठांतरामागे लपत नाही आणि घाबरून गप्पही बसत नाही. एक पथ्य मात्र कडक पाळतो: प्रश्न दाढ निघाल्यावर, पेशंट बाहेर जाऊन बसल्यावरच. पेशंटच्या तोंडात सुई असताना मुलांना घाम फोडायचा नाही.