पावडर लावलेलं इंजिन

मे महिन्यातली गोष्ट. पाना चुकून उन्हात राहिला तर हातात धरवत नाही, असे दिवस. सोलापुरात होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजात एक काका गाडी घेऊन आले. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी भाविकांची भाडी मारतात. गाडी पेट्रोलची, १ लाख ४० हजार चाललेली.

"मालक, एसी लावला की जळका वास येतोय. म्हातारी माणसं बसलेली असतात, घाबरतात. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑईल घालतोय."

आधी दुसऱ्या एका गॅरेजात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदलून झालं होतं. गळती थांबेना, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, बॅक ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खालून बघितलं तर कुणालाही तेच वाटलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच थेंब लोंबत होता.

पण तेल वरून खाली येतं, आणि गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो. माखलेल्या इंजिनावर निदान करायचं नाही, हे मला माझ्या वस्तादांनी शिकवलंय. अल्टरनेटर आणि वायरिंग पिशव्यांनी झाकून इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं. पोराला किराणा दुकानातून टाल्कम पावडरचा डबा आणायला लावला आणि सगळ्या जोडांवर पावडर मारली. मग काकांना शेजारी बसवून तामलवाडीपर्यंत जाऊन आलो.

रॅम्पवर घेऊन बॅटरी मारली. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ, थेट वरून उतरलेली. आरशानं माग काढला, तर ती टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या मागच्या कोपऱ्यातून निघत होती. तिचाच एक फाटा एक्झॉस्टवर. वास तिथला. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑईल म्हणजे आगीलाच आमंत्रण, म्हणून त्या रात्रीचं पंढरपूरचं भाडं मी काकांना सोडायला लावलं.

पण नवं पॅकिंग दोनदा का गळावं? डिपस्टिक बघितली, तर ती जागेवरून अर्धा इंच वर उचललेली. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ हातमोजा धरला. तो आत ओढला जायला हवा होता. तो फुगला.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच. तो ब्रीदर म्हणजे गॅस बाहेर पडायच्या भोकातून, पीसीव्ही या एकेरी व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, जातो. ती वाट बंद झाली की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑईलच्या भागातलं, प्रेशर जिथं कच्चा जोड सापडेल तिथून ऑईल बाहेर ढकलतं. व्हॉल्व्ह काढून हलवला, तर आतून खुळखुळ वाजला. तो मोकळा होता. कव्हर उघडलं आणि कारण सापडलं. रबरी पॅकिंगवर चारी बाजूंनी सिलिकॉन थापलेलं. आत दाबला गेलेला त्याचा गोळा काळ्या गाळासकट ब्रीदरच्या भोकात जाऊन बसला होता.

मला इथं खरंच राग आला. टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनच्या एका टोकाचं झाकण, हेडला मिळतं त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका लागतो, तेवढाच. बाकी रबराला कोरडी, स्वच्छ जागा हवी. आत सुटलेलं सिलिकॉन ऑईल पंपाच्या जाळीत अडकलं तर इंजिनला ऑईलच मिळत नाही. त्या भीतीनं चेंबरही उतरवला. जाळीत दोन धागे होतेच.

भोक मोकळं केलं, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट मधून कडेला जात टॉर्क पान्यानं साधारण १० न्यूटन मीटरला आवळले, नवं ऑईल आणि फिल्टर घातलं. पुन्हा हातमोजा धरला. या वेळी तो आत ओढला गेला. रिंगा शाबूत होत्या. बॅक सीलला हात लावला नाही.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवला. सकाळी काका माझ्या आधी येऊन शटरसमोर बसले होते. शटर वर जाताच आधी वाकून त्यांनी पुठ्ठा ओढला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, आणि मग चहा सांगितला.